गाडी सुटते कुठून, त्यावर ठरते डब्यातील रीत
भिलाई-दुर्गच्या प्रवाशांना एकाच मार्गावर कधी पाहुणेपण, तर कधी यजमानपण का येते?

भिलाई : छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादनगर हावडा-नागपूर-मुंबई या मुख्य लोहमार्गावर जवळजवळ मध्यावर वसलेले आहे. शहरात भिलाई नगर व भिलाई पॉवर हाऊस ही स्थानके आहेत. तरीही लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांसाठी येथील रहिवाशांना शेजारच्या दुर्ग जंक्शनवर जावे लागते. दुर्गहून काही गाड्या सुटतात, तर काही गाड्या तेथे काही मिनिटे थांबून पुढे जातात. डब्यात कोण बसलेले असेल, कोणती भाषा ऐकू येईल, दिवे केव्हा मालवले जातील आणि नव्याने चढणाऱ्याला जागा कशी करून दिली जाईल, हे बऱ्याच अंशी या एका फरकावर अवलंबून असते.

प्रवाशांच्या वागणुकीची चर्चा होते तेव्हा बहुधा प्रांतांना नावे ठेवली जातात. अमुक भागातील लोक जागा सोडत नाहीत, तमुक भागातील लोक मोठ्याने बोलतात, अशी विधाने सर्रास केली जातात. प्रत्यक्षात गाडीचे आरंभस्थानक, आरक्षणाचा कोटा आणि चढण्याची वेळ या तीन गोष्टी पाहिल्या, तर त्यातील बऱ्याचशा तक्रारींचा उलगडा होतो.

बंदराचा नियम

पर्यटक जहाजांच्या व्यवसायात या गोष्टीला मोठे महत्त्व आहे. जहाज ज्या बंदरातून निघते, त्या बंदराच्या आसपासचे प्रवासी त्यावर बहुसंख्य असतात, आणि भोजनाच्या वेळा, करमणूक व उद्घोषणांची भाषा त्यांच्याच सवयीप्रमाणे ठरते. मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या कॉर्डेलियाच्या सफरींत भारतीय कुटुंबांचा भरणा असल्याने जैन भोजनाचीही सोय ठेवण्यात आली. एकेकाळी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटींवर गणपती आणि शिमग्याच्या दिवसांत चाकरमान्यांचेच राज्य असे.

भूमध्य समुद्रातील काही सफरींची पद्धत मात्र निराळी आहे. तेथे बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ अशा अनेक बंदरांवर प्रवासी चढतात व उतरतात. एकाचा सफरीचा पहिला दिवस तो दुसऱ्याचा चौथा दिवस असतो, आणि एकच सूचना अनेक भाषांत द्यावी लागते. भारतातील लांब पल्ल्याची रेल्वेगाडी या दुसऱ्या प्रकारच्या जहाजासारखी आहे. भिलाईसारख्या मधल्या गावाला त्याचा अनुभव रोज येतो.

पोलाद कारखान्याने आणलेली माणसे

भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या कराराने भिलाईच्या पोलाद कारखान्याचा पाया घातला गेला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यात काम करण्यासाठी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब आणि महाराष्ट्रातून माणसे आली. मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नव्हता. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती.

दुर्गहून सुटणाऱ्या गाड्यांच्या नावांवर नजर टाकली, तर या स्थलांतराचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. सारनाथ एक्स्प्रेस प्रयागराज व वाराणसीमार्गे छपऱ्याला जाते. साउथ बिहार एक्स्प्रेस राऊरकेला, टाटानगर आणि आसनसोलवरून पाटण्याकडे जाते, म्हणजे एका पोलादनगरीतून निघून वाटेत आणखी पोलादनगऱ्यांना भेट देते. १६ सप्टेंबर २०२४ पासून दुर्ग-विशाखापट्टणम वंदे भारत गाडी धावू लागली; विशाखापट्टणमही पोलाद कारखान्याचेच शहर आहे.

या गाड्यांत दुर्गला चढणारा प्रवासी रिकाम्या डब्यात पाऊल ठेवतो. डबा नुकताच धुऊन, पाणी भरून फलाटावर लागलेला असतो. सामान बाकाखाली सरकवणे, खिडकीची जागा मुलांना देणे, दोन कुटुंबांत जागांची अदलाबदल करणे हे सारे गाडी सुटण्यापूर्वीच उरकते. छठच्या आधी सारनाथ किंवा साउथ बिहार एक्स्प्रेसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तरीही त्या गर्दीत एक आपलेपण असते. सारे एकाच सणासाठी आणि साधारण एकाच दिशेच्या गावांना निघालेले असतात. ठेठरी-खुरमीचे डबे उघडतात आणि भोजपुरीत छत्तीसगढी मिसळू लागते.

जागा कोणाच्या वाट्याला

मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशाची स्थिती याहून वेगळी आहे. मुंबई मेल आणि गीतांजली एक्स्प्रेस या गाड्या हावड्याहून येतात. पुण्याला जाणारी आझाद हिंद एक्स्प्रेसही तिकडूनच येते. हावडा ते दुर्ग हे अंतर सुमारे ८६७ किलोमीटर आहे, आणि दुर्गहून मुंबई सुमारे अकराशे किलोमीटर. म्हणजे भिलाईचा प्रवासी चढतो तेव्हा गाडीचा जवळजवळ निम्मा प्रवास संपलेला असतो.

आरक्षणाच्या नियमांतच या फरकाचे मूळ आहे. गाडीतील जागांचा मोठा हिस्सा आरंभस्थानकाच्या सर्वसाधारण कोट्यात असतो. महत्त्वाच्या मधल्या स्थानकांना दूरस्थ स्थानकांचा मर्यादित कोटा मिळतो. त्याखेरीज मधल्या अनेक स्थानकांमिळून एक सामाईक कोटा असतो. प्रतीक्षायादीतील तिकिटावर छापलेली ‘जीएनडब्ल्यूएल’, ‘आरएलडब्ल्यूएल’ आणि ‘पीक्यूडब्ल्यूएल’ ही अक्षरे अनुक्रमे या तीन रांगा दाखवतात.

पहिल्या रांगेत जागा अधिक असल्याने रद्द होणारी तिकिटेही अधिक असतात, त्यामुळे ती रांग लवकर पुढे सरकते. दुसऱ्या व तिसऱ्या रांगेत मुळातच जागा थोड्या असल्याने प्रतीक्षेतील दहावा क्रमांकही कधीकधी शेवटपर्यंत हलत नाही. एकाच गाडीच्या एकाच वर्गात दोन प्रवाशांचा प्रतीक्षाक्रमांक सारखा असूनही एकाला शय्या मिळते आणि दुसरा फलाटावरच राहतो, याचे कारण हे आहे.

यावर उपाय म्हणून काही प्रवासी आधीच्या मोठ्या स्थानकापासूनचे तिकीट काढतात आणि चढण्याचे स्थानक बदलून घेतात. त्यासाठी जास्त अंतराचे भाडे मोजावे लागते. हा बदल वेळेत न नोंदवल्यास, ठरलेल्या स्थानकावर प्रवासी आला नाही म्हणून ती जागा दुसऱ्याला दिली जाण्याची शक्यता असते. म्हणजे गाडी आपल्या गावाहून सुटत नाही, याची किंमत पैशाच्या रूपानेही चुकवावी लागते.

संगणकपूर्व काळात ही अडचण आणखी बिकट होती. प्रत्येक स्थानकाची स्वतंत्र नोंदवही असे, आणि दुसऱ्या ठिकाणाहून परतीची जागा हवी असल्यास तारेने कळवावे लागे. १९९९ मध्ये देशभरातील आरक्षण केंद्रे एका जाळ्यात जोडली गेली आणि ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीट काढण्याची सोय झाली. तिकीट मिळवण्याचा मार्ग त्यामुळे सोपा झाला. कोट्यांची विभागणी मात्र कायम राहिली.

बारा तासांची ओळख, मध्यरात्रीचा प्रवेश

शयनयानाच्या एका कप्प्यात आठ शय्या असतात, समोरासमोर सहा आणि बाजूच्या दोन. हावड्याहून निघालेल्या कुटुंबाची दुर्ग येईपर्यंत सहप्रवाशांशी सुमारे बारा तासांची ओळख झालेली असते. खालच्या बाकावर कोणी बसायचे, पंखा किती वाजता बंद करायचा, मोबाइल कोणत्या खाचेत लावायचा याचे अलिखित नियम तोवर ठरून गेलेले असतात. सामान साखळीने बाकाखाली बांधलेले असते. कोणी आजारी आजीला खालची शय्या देऊन स्वतः वर गेलेला असतो.

अशा वेळी नवा प्रवासी चढतो. हावड्याहून दुपारी निघणारी गीतांजली दुर्गला मध्यरात्र उलटून गेल्यावर पोहोचते. डब्यात अंधार असतो. नव्या प्रवाशाला क्रमांक शोधण्यासाठी दिवा लावावा लागतो, झोपलेल्यांना उठवावे लागते आणि ठरलेली मांडणी मोडावी लागते. त्याच्याकडे खात्रीचे तिकीट असते. तरीही डब्याच्या लेखी तो उशिरा आलेला असतो. उठवल्या गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची नाराजी त्याला उद्धटपणा वाटते, आणि त्याने लावलेला दिवा इतरांना बेपर्वाई वाटतो. दोघांच्याही वागण्यात प्रांताचा संबंध फार थोडा असतो.

रेल्वेचे नियम येथे काही प्रमाणात मदतीला येतात. ऑगस्ट २०१७ च्या परिपत्रकानुसार झोपण्याची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी निश्चित करण्यात आली. त्याबाहेरच्या वेळेत मधल्या व वरच्या शय्येवरील प्रवाशांना खाली बसू देणे अपेक्षित आहे. आजारी, दिव्यांग व गर्भवती प्रवाशांना अधिक वेळ झोपू द्यावे, असेही त्यात सांगितले आहे. मात्र जागेची अदलाबदल, सामानाची मांडणी किंवा रात्री दीड-दोन वाजता चढणाऱ्याचे स्वागत यांचा नियम करता येत नाही. तो भाग प्रवाशांच्या समजूतदारपणावरच सोडलेला आहे.

स्वच्छतेच्या तक्रारींतही हेच सूत्र आढळते. आरंभस्थानकावर मिळणारा डबा आणि बारा तास वापरलेला डबा यांची तुलना होऊ शकत नाही. वाटेत सफाई होत असली, तरी शौचालयातील पाणी आणि कचऱ्याचे प्रमाण हे गाडी किती अंतर चालून आली यावर अवलंबून राहते. ज्यांना ती अवस्था दिसते, ते त्याचा दोष आधीपासून बसलेल्यांच्या माथी मारतात.

अनारक्षित डब्यातील हिशेब

सर्वांत कठोर हिशेब अनारक्षित डब्यात होतो. तेथे कोटा नसतो. जो आधी चढतो, तो बसतो. आरंभस्थानकावर फलाटावर रांग लावून जागा मिळवता येते. दुर्ग किंवा राजनांदगावला चढणाऱ्या मजुराला मात्र नागपूरपर्यंत, कधी त्याही पुढे, उभ्याने जावे लागते. बांधकामाच्या कामासाठी छत्तीसगडमधून महाराष्ट्रात येणाऱ्या कुटुंबांचा प्रवास बहुधा याच डब्यांतून होतो. शौचालयाजवळ पोते टाकून बसलेल्या माणसाच्या शिस्तीविषयी बोलण्यापूर्वी, त्याच्या गावाहून सुटणारी गाडी त्याला उपलब्ध होती का, हा प्रश्न विचारणे योग्य ठरते.

या विषमतेची जाणीव रेल्वेच्या धोरणात पूर्वीही उमटली होती. कोकणातील राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना २६ डिसेंबर १९७७ रोजी गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. संपूर्ण गाडीत केवळ दुसरा वर्ग होता. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंची फोमच्या गाद्या बसवण्याचा निर्णयही त्यांच्याच काळातला. पुढे गीतांजलीला वातानुकूलित डबे जोडले गेले. वर्गांमधील अंतर कमी करण्याचा तो प्रयत्न मोलाचा होता. पहिल्या आणि मधल्या स्थानकातील अंतराचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटणारा नव्हता.

परतीच्या प्रवासात भूमिका बदलतात

या साऱ्याचा उत्तम पुरावा परतीच्या प्रवासात मिळतो. भिलाईचे जे कुटुंब जाताना मध्यरात्री अंधाऱ्या डब्यात चाचपडत चढले होते, तेच परत येताना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रिकाम्या डब्यात आधी बसते. सामान लावते, शेजाऱ्यांशी ओळख करून घेते, जागांची अदलाबदल करते. नागपूरला नवे प्रवासी चढून आपली जागा मागू लागतात, तेव्हा त्याच कुटुंबाला ती लुडबुड वाटते. माणसे तीच असतात, गाडीही तीच असते. बदललेले असते ते फक्त चढण्याचे ठिकाण.

हावड्याच्या प्रवाशालाही हाच अनुभव उलट क्रमाने येतो. एका दिशेला तो यजमान असतो. मुंबईहून येणाऱ्या गाडीत तो वाटेत कोठे तरी चढला, तर त्याला पाहुणा व्हावे लागते.

गोंदियाच्या प्रवाशांना या दोन्ही गोष्टींची एकाच फलाटावर तुलना करता येते. मुंबईला जाणारी विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस या गाड्या गोंदियाहूनच सुटतात, तर हावड्याहून आलेल्या गाड्या त्याच स्थानकावरून पुढे जातात. भिलाईहून गोंदिया सुमारे दीडशे किलोमीटरच्या आत आहे. तरीही मुंबईच्या गाडीत आधी बसण्याचा जो हक्क गोंदियाकराला सहज मिळतो, त्यासाठी भिलाईकराला तेथवर जाऊन गाडी बदलावी लागते.

म्हणूनच एखाद्या गावातून नवी गाडी सुरू करावी, या मागणीमागे केवळ वेळ वाचवण्याचा हेतू नसतो. आपल्या माणसांना रिकाम्या डब्यात, दिव्याच्या उजेडात आणि घाई न करता चढता यावे, ही इच्छाही त्यात असते. ती पूर्ण होईपर्यंत मधल्या स्थानकावर चढणाऱ्याच्या तिकिटाची किंमत आरंभस्थानकाच्या तिकिटाइतकीच आहे, एवढे लक्षात ठेवून बाकावर थोडे सरकणे आधी बसलेल्यांच्या हाती आहे.