तेल गळते कोठून?

मोटारसायकल रात्रभर उभी असते आणि सकाळी इंजिनाखाली तेलाचा डाग दिसतो. मेकॅनिक पॅकिंग बदलतो, शेलॅक लावतो, बोल्ट आवळतो. आठ दिवस बरे जातात, आणि पुन्हा डाग हजर! माझ्या जुन्या, बीडाच्या इंजिनाच्या बुलेटचे एकच पॅकिंग असे तीनदा बदलले, तेव्हा कोठे मी नीट विचार करू लागलो.

मंडळी, तेल दिसते तेथेच ते गळते असे नाही. ते वजनाने खाली ओघळते आणि वारा त्याला मागे ढकलतो. त्यात आपल्या धाराशिवकडची धूळ! तिचा लेप बसला की सगळेच इंजिन गळके दिसू लागते. म्हणून इंजिन थंड असताना रॉकेलने धुवावे, फडक्याने पुसावे आणि अगदी कोरडे होऊ द्यावे. मग त्यावर खडूची बारीक पूड भुरभुरावी. शिक्षकबंधूंना ती विकत आणावी लागणार नाही! गाडी जागेवरच थोडा वेळ चालू ठेवावी आणि पाहावे. पांढऱ्या पुडीवर जी पहिली ओली रेघ उमटेल, तिचे वरचे टोक म्हणजे गळतीचे तोंड.

बरे, तोंड सापडले, नवे पॅकिंगही बसवले, तरी गळती थांबेना, तर काय? बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. म्हणजे पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली सुमारे ३४६ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. मिनिटाला ३,००० फेरे धरले तर हे सेकंदाला ५० वेळा घडते. दाबली गेलेली हवा बाहेर पडावी म्हणून ब्रीदरची नळी दिलेली असते. ती चोंदली किंवा दुमडली, अथवा झिजलेल्या रिंगांमधून जळका वायू खाली उतरू लागला, की कोंडलेला दाब सर्वांत कमजोर सांधा शोधतो आणि तेथून तेल बाहेर काढतो. दोष मात्र बिचाऱ्या पॅकिंगला! माझ्या गाडीत नळी दुमडून दबली होती. सारे काम दहा मिनिटांचे.

आणखी एक फसवणूक सांगतो. जुनी बुलेट महिनाभर उभी राहिली, तर तेलाच्या कप्प्यातले तेल पंपातून पाझरून क्रँककेसमध्ये उतरते. काडी कमी तेल दाखवते, आपण वरून ओततो, आणि गाडी सुरू होताच जादा तेल ब्रीदरमधून बाहेर येते. तेव्हा तेलाची पातळी गाडी फिरवून आणल्यावरच पाहावी.

कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या शर्यतीच्या मार्गावर इंजिनाचे फेरे याहून पुष्कळ जास्त असतात. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत ब्रीदरची नळी एका डब्यात सोडतात आणि तेल काढण्याचा बोल्ट तारेने बांधतात. मार्गावर सांडलेले थोडेसे तेलही मागून येणाऱ्याला आडवे करते. तुळजापूरचा घाट उतरणाऱ्यालाही हे लागू आहे. इंजिनाखालचा डाग चार दिवस राहिला तर चालेल. पण मागच्या टायरवर तेल दिसले, तर ते पुसून गळती सापडेपर्यंत गाडी घरीच ठेवावी.