तू कोणाचा माणूस?

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात मी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी मला काय काम येतं हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : "कोणाचा माणूस तू?" मी ठेकेदाराचं नाव सांगितलं. "हं," म्हणून समोरचा पुन्हा मशीनकडे वळला. पर्मनंट लोकांच्या ओळखपत्राची पट्टी निळी, आमची पिवळी. दुपारी डबे उघडले तेव्हा निळ्या पट्ट्या पंख्याखाली आणि पिवळ्या पट्ट्या पाण्याच्या पिंपाजवळ, असं आपोआपच झालं. कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही.

पुढे बरीच वर्षं अशाच नोकऱ्या करणाऱ्यांत गेली. हिंजवडीतल्या 'थर्ड पार्टी' पोरांपासून सरकारी कचेरीतल्या डेटा एंट्रीवाल्या मुलींपर्यंत सगळ्यांच्या, आणि त्यांच्या शेजारच्या पर्मनंट लोकांच्याही, तोंडी तीच चार-पाच वाक्यं ऐकत आलो. त्यांतली बहुतेक चुकीची आहेत.

गैरसमज : मी त्यांना आवडत नाही

आमच्या स्टोअरमध्ये एक काका होते. निळ्या पट्टीवाल्याने नुसती मान हलवली तरी ते मायक्रोमीटर काढून द्यायचे. मी व्हर्नियर मागितला की, "साहेबांची सही आण." साहेब मीटिंगमध्ये. मी तासभर उभा, आणि तिकडे तपासायच्या मालाचा ढीग वाढतोय. महिनाभर हेच चाललं. या माणसाचं माझ्याशी काय वाकडं आहे, ते कळेना. दिवाळीच्या तोंडावर स्टॉक मोजला गेला तेव्हा उलगडा झाला. माझ्या आधीचा कंत्राटी पोरगा कंत्राट संपून 'ब्रेक' मिळाल्यावर दोन गेज परत न करताच गावी निघून गेला होता, आणि त्याचा भुर्दंड काकांना बसला होता. म्हणजे सहीचा हट्ट त्या पोरासाठी होता. मी फक्त त्याच्या जागी उभा होतो.

वस्तुस्थिती अशी की पहिल्या दिवसांतला कोरडेपणा बहुतेक वेळा माणसाला उद्देशून नसतो, जागेला उद्देशून असतो. त्या जागेवर वर्षाला एक चेहरा येतो आणि जातो. दरवेळी नव्याने नाव पाठ करायचा लोकांनाही कंटाळा येतोच. समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास आणि जॉन स्कॉटसन यांनी इंग्लंडमधल्या एका वस्तीचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. तिथले जुने रहिवासी नव्यांना कमी लेखत, त्यांच्याविषयी कुचाळक्या करत. गंमत म्हणजे दोन्हीकडचे लोक कामगारच; वंश, भाषा, कमाई जवळपास सारखी. फरक एकच, कोण आधी राहायला आलं.

दुसरी बाजू आपल्या डोक्यातली. पहिल्या ओळखीनंतर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज माणसं प्रत्यक्षापेक्षा कमीच धरतात, असं अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये तर ही चूक कित्येक महिने टिकली. तेव्हा कुणी "हं" म्हणून वळला, तर तेवढ्यावरून निकाल लावायची घाई नको.

गैरसमज : कंत्राटी आला की पर्मनंटची नोकरी गेली

हा गैरसमज निळ्या पट्टीचा. भीती खोटी नाही, तिचा पत्ता चुकलाय. कायम जागा निवृत्तीनंतर भरल्या जात नाहीत, त्याच कामावर कमी पैशांत ठेकेदाराची माणसं येतात, हे पर्मनंट लोक रोज बघतात. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला, त्यावर एवढा गदारोळ झाला की ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. असे निर्णय मंत्रालयात किंवा कंपनीच्या हेड ऑफिसात होतात. राग मात्र निघतो तो शेजारच्या टेबलावर नव्याने बसलेल्या मुलीवर, कारण ती हाताशी असते.

ती मुलगी कुणाची खुर्ची बळकावूही शकत नाही. कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार मूळ आस्थापनेत आपोआप सामावले जात नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात २००१ मध्ये सांगितलं. नियमबाह्य नेमलेल्या तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांना कायम होण्याचा हक्क नाही, हे २००६ च्या उमादेवी निकालात आलं. कंत्राटावर लागणाऱ्यांनीही हे आधी वाचावं. "दोन वर्षं काढ, करून घेतो" असं ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात काहीही नसतं.

गैरसमज : दुप्पट काम करून दाखवलं की मान मिळतो

साहेबाकडून मिळेल कदाचित, सहकाऱ्यांकडून नाही. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये तारा जोडण्याच्या विभागातल्या १४ कामगारांचं काम एका वेगळ्या खोलीत निरखलं गेलं. दिवसाला किती काम करायचं, हे त्या कामगारांनी आपसात ठरवून टाकलं होतं. जो जास्त हात चालवील त्याच्या दंडावर सहकारी बुक्का मारत. त्यांचा हिशेब सरळ होता. एकाने जास्त काढलं की उद्या सगळ्यांचं टार्गेट वाढणार, किंवा कुणीतरी घरी जाणार.

भोसरीत बुक्का कुणी मारला नाही, पण दुसऱ्या आठवड्यात मी शिफ्टमध्ये नेहमीपेक्षा दीडपट नग तपासले आणि संध्याकाळी माझ्या सायकलची हवा गेलेली होती. योगायोगही असेल! तेव्हापासून नव्या ठिकाणी मी आधी विचारून घेतो, "इथं रोजचं किती निघतं?" काम चोख करायचंच, पण पहिल्याच महिन्यात जुन्यांचे आकडे मोडायला जाऊ नये.

गैरसमज : फरसाण वाटलं की लोक आपले होतात

फरसाण खातात आणि जागेवर जातात. त्यापेक्षा छोटी मदत मागितलेली बरी. १९६९ मध्ये जेकर आणि लँडी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. भाग घेणाऱ्यांनी त्यात जिंकलेले पैसे प्रयोग घेणाऱ्याने स्वतः विनंती करून काहींकडून परत घेतले. ज्यांनी पैसे परत दिले, त्यांनाच तो माणूस जास्त आवडला. आपण ज्याला मदत केली तो वाईट असेल, असं मन सहसा मानत नाही.

मला त्या वेळी हे प्रयोग वगैरे ठाऊक नव्हते. मला भोकाचा व्यास मोजायचा बोअर गेज शून्यावर आणता येत नव्हता, एवढंच. लाज सोडून काकांनाच विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रिंग गेज पुसला, बोअर गेज त्यात घालून हळूच डावी-उजवीकडे झुलवला आणि म्हणाले, "काटा जिथून परत फिरतो ना, तिथं शून्य. दाबायचं नाही त्याला." दुसऱ्या दिवशी व्हर्नियर मागायला गेलो तर त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. साहेबांची नको, माझीच सही.

तरी घाई करून उपयोग नाही. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात. डब्याचा अर्धा तास धरला तर महिन्याच्या २५ दिवसांत होतात साडेबारा. म्हणजे चार महिने. अकरा महिन्यांच्या कंत्राटात सात उरतात, तेवढे पुरतात.

गैरसमज : कंत्राटी माणसाला दाद नसते

इथं मात्र सबुरीचा सल्ला मी देणार नाही. चहाला न बोलावणं ही एक गोष्ट. शिवीगाळ, अंगचटीला येणं, पिण्याचं पाणी किंवा स्वच्छतागृह नाकारणं ही वेगळी. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, ठेकेदारामार्फत आलेली अशा सगळ्या जणी 'कर्मचारी' आहेत. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते; सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

पगाराची पहिली जबाबदारी ठेकेदाराची. त्याने बुडवला तर मूळ मालकाला द्यावा लागतो. हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही आहे. पीएफ कापला जातो पण भरला जातो का, हे यूएएन टाकून पासबुकात पाहता येतं. ज्या दिवशी जे घडलं ते तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा आणि ठेकेदार व कंपनी दोघांनाही लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

निळ्या पट्टीवाल्यांनो, एक विनंती. उद्या तुमच्या विभागात नवीन पिवळी पट्टी आली, तर पाणी कुठं, डबा कुठं, बाथरूम कुठं, एवढं तिला दाखवा. त्याला साहेबांची सही लागत नाही.