मुक्कामाची उंची

मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याला गणती नाही. प्रत्यक्ष पाहिलं मात्र निवृत्तीनंतर, २०१२ च्या जुलैमध्ये, सरचूच्या पठारावर तंबूसमोर बसून.

पुण्याहून लेहपर्यंत आमच्या जुन्या गाडीनं जायचं, वाटेत जमेल तिथे तंबू ठोकायचा, हे ह्यांचं नोकरीत असल्यापासूनचं स्वप्न. मुलं म्हणाली, विमानानं जा. ह्यांनी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं विमानानं. दोन माणसांचा तंबू, पाच किलोचा सिलिंडर आणि तीन लिटरचा कुकर घेऊन निघालो. कुकरवरून ह्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली. राजस्थान आणि पंजाब कधी धर्मशाळेच्या अंगणात, कधी ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत झोपत पार पडले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. उकाडा आणि डास.

ह्यांची एक वही होती. रोज किती किलोमीटर झाले, किती राहिले, सगळं त्यात. मनाली ते लेह तेव्हा सुमारे ४७५ किलोमीटर. ‘जिस्पाला एक रात्र, सरचूला एक, तिसऱ्या दिवशी लेह,’ असा हिशोब त्यांनी मांडला. जिस्पाला दोन रात्री थांबावं असं मी कुठेसं वाचलं होतं. तसं म्हणालेही. ‘अगं, एक दिवस वाचतोय,’ म्हणाले. मी गप्प बसले. चूक दोघांची होती, आणि विज्ञानाची बाई म्हणून माझी जरा जास्तच.

कारण त्या रस्त्यावर किलोमीटर मोजून काही कळत नाही. मोजायचे असतात मीटर, आणि तेही खिंडीचे नव्हेत, मुक्कामाच्या जागेचे. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंच. रोहतांग जवळजवळ ४०००, पण तिथे कुणी झोपत नाही. पलीकडे उतरून जिस्पाला येतो तेव्हा आपण ३२०० वर असतो. दुसऱ्या दिवशी बारालाचाची सुमारे ४९०० मीटरची खिंड ओलांडून सरचू, ४३०० च्या आसपास. म्हणजे एका रात्रीत आमचं अंथरूण ११०० मीटर वर गेलं! डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरहून अधिक चढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.

सरचूला पोचलो तेव्हा बाकरवडीचं पाकीट फुग्यासारखं टम्म झालं होतं. आतली हवा पुण्याची, बाहेरची विरळ. आम्ही खूप हसलो. पण जे पाकिटाबाहेर चाललं होतं, तेच आमच्या फुप्फुसांच्याही वाट्याला येत होतं. हवेतला प्राणवायूचा वाटा तिथेही २१ टक्केच असतो. पण हवेचा दाबच समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणून प्रत्येक श्वासात हाती येतं ते तेवढंच. पाणी तिथे ८६ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तासभर उकळूनही डाळ टणक. शेवटी कुकरनं लाज राखली. तो आपला वाढीव दाब आतल्या आत तयार करतो, त्यामुळे पाणी पुन्हा शंभराच्या वर तापतं. मी विजयी मुद्रेनं ताट पुढे केलं, तर हे म्हणाले, ‘नको, डोकं जरा जड आहे.’ डोकं बारालाचापासून दुखत होतं, हे त्यांनी लपवलं होतं.

रात्री तंबूत मला जाग आली ती शांततेनं. ह्यांचा श्वास थांबला होता. मी मोजू लागले. आठ, नऊ, दहा... मग एक मोठा उसासा, भराभर चार-पाच श्वास, आणि पुन्हा शांतता. असा श्वास त्या उंचीवर धडधाकट माणसाचाही चालतो, हे पुढे डॉक्टरांनी समजावलं. प्राणवायू मिळवायला शरीर जोरात श्वास घेतं, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. आणि श्वास घेण्याची आठवण मेंदूला मुख्यतः तोच करून देत असल्यानं मेंदू क्षणभर स्वस्थ बसतो. मूत्रपिंडं हा तोल सावरतात, पण त्यांना एक-दोन दिवस लागतात. नेमका तोच दिवस आम्ही ‘वाचवला’ होता.

दोनच्या सुमाराला ह्यांना उलटी झाली. टॉर्चच्या उजेडात मी त्यांना एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालायला लावलं. जमलं. चारला पुन्हा चालवलं, तर तिसऱ्याच पावलाला झोल गेला. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण. मग वाट बघायची नसते, खाली उतरायचं असतं.

पण सरचूची गंमत अशी, की दोन्हीकडे आधी चढावंच लागतं. हे म्हणाले, ‘पुढेच जाऊ, लेहला दवाखाना आहे.’ शेजारच्या तंबूत ढाबा चालवणारे बाबा जागे झाले होते. ते एवढंच म्हणाले, ‘आगे मत ले जाना, बहनजी.’ पुढे लाचुलुंग आणि तांगलांग, दोन्ही खिंडी ५००० च्या वर, आणि मधलं पांगसुद्धा सरचूहून उंच. मागे एकच खिंड, आणि तिच्यापलीकडे सलग उतार.

‘तू उगाच घाबरतेस,’ हे म्हणाले. ‘अहो, बसा गाडीत,’ मी म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्या आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. तंबू तिथेच सोडला. गाडी मी पंचेचाळिशीत शिकले होते, आणि घाटात फारशी कधी चालवली नव्हती. आदल्या दुपारी रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्याचं पाणी बंपरला लागलं होतं. पहाटे तोच नाला घोट्याएवढा. उन्हानं वितळणारं बर्फ रात्री थिजतं, म्हणून जाणकार तिथे उजाडतानाच निघतात. बारालाचावर ह्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. माझ्याकडे बघतही नव्हते. दारचा जवळ आलं तेव्हा पहिल्यांदा बोलले: ‘भूक लागलीय.’ मी गाडी कडेला घेतली आणि पोटभर रडले.

जिस्पाला चार रात्री राहिलो आणि तिथून परत फिरलो. लेह राहिलं.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरचा बोगदा, रोहतांग टळतो, जिस्पा मनालीहून काही तासांवर येतं. सोय मोठीच. पण त्यामुळेच सकाळी मनाली आणि रात्री सरचू असा बेत आखण्याचा मोह होतो, आणि हा बेत आमच्यापेक्षाही वाईट. डोंगरातल्या आजारावर गोळी असते, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. खाली उतरण्याचं काम ती करत नाही. आणि डोकेदुखी जोडीदारापासून लपवू नये.

दोन वर्षांनी आम्ही श्रीनगरहून गेलो. ह्यांची वही तीच, फक्त रकाना वेगळा: सोनमर्ग २७००, कारगिल २७००, लामायुरू ३५००, लेह ३५००. लेहच्या पुढे त्यांनी लाल पेनानं लिहिलं होतं, ‘दोन दिवस नुसतं बसणे’. कुकर त्यांनी आठवणीनं स्वतः गाडीत ठेवला होता.