शेतावरच्या खोलीला सौर दिवे



दिव्याजवळ आगासन, बेतवडे, म्हातार्डीकडे तुमची शेतावर खोली असेल आणि विजेची तार तिथवर पोचली नसेल, तर छोटा सौर संच बसवता येतो. पण हिशेब चैत्रातल्या उन्हावर करू नका, आषाढातल्या झडीवर करा. संच फसतो तो इथेच.

5 वॉटचे दोन एलईडी दिवे 4 तास लावले की 40 वॉट-तास वीज लागते. मोबाईल धरून 50 समजा. (पोरं टीव्ही मागतील, त्याचा हिशेब निराळा.) 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 480 वॉट-तास मावतात. मात्र साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी वरचेवर निम्म्याखाली उतरली की लवकर मरते. म्हणजे हाताशी 240, जेमतेम चार-पाच रात्रींपुरते. ढगाळ दिवसात पॅनेलमधून फार थोडी वीज येते, म्हणून ते 75 वॉटचे घ्यावे. झड लांबली तर एकच दिवा लावा.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे 20 अंश कलते बसवावे. माडाच्या एका झावळीची सावलीसुद्धा नडते, बरं का! चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल, सोडवताना उलट. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा ती चुलीपासून लांब, वारा खेळेल अशी ठेवा.

खाडीचं खारं वारं तारांची टोकं खातं. त्यांना पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, विहिरीचं नव्हे.