कबड्डीची मधली पायरी

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाली, त्याला दशक उलटून गेले. त्याआधीचा काळ दोन ओळींत आटोपतो: १९९० मध्ये कबड्डी आशियाई खेळांत आली आणि २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारतानेच घेतली. खरा हिशेब पुढचा आहे. २०१८ च्या लिलावात रिशांक देवाडिगाला १ कोटी ११ लाख रुपये मिळाले आणि आता कबड्डीपटूला नोकरी हवी कशाला, असे जाणकार म्हणवणारेही बोलू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत इराणने उपांत्य सामन्यात आपल्याला २७-१८ असे लोळवले. लिलावात कोटीची बोली लागलेला फझल अत्राचली इराणच्या त्याच संघात होता. लीग तयार खेळाडूची किंमत ठरवते. खेळाडू घडतो तो दुसरीकडे.

तो घडतो गल्लीतल्या मंडळात, किशोर-कुमार गटाच्या जिल्हा चाचणीत आणि मग बँकेच्या किंवा कंपनीच्या व्यावसायिक संघात. मातीत अनवाणी खेळलेल्या मुलाला मॅटवर बूट घालून चढाई करताना वळणे, थांबणे, बोनस रेषेपलीकडे पाऊल टाकणे नव्याने शिकावे लागते. त्यासाठी दोन-तीन वर्षे लागतात आणि त्या वर्षांत घर चालावे लागते. ते चालवत होती नोकरी. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. कबड्डीपटूंना आसरा देणारी दारे अशी एकेक मिटत गेली आणि लीगच्या झगमगाटात त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही.

यावर, अशा संघांशिवायही खेळाडू घडतात म्हणून हरियाणाचा दाखला दिला जातो. पण तिथल्या पोरांमागेही पदकाबरोबर येणाऱ्या सरकारी नोकरीचे बळ आहे. म्हणजे दाखला उलट माझ्याच बाजूचा. लीगने काहीच दिले नाही, असेही नाही. खेळ घराघरांत पोचला, आईबाप मुलांना मैदानावर सोडू लागले. पुणेरी पलटणने युवा खेळाडूंवर खर्च केला आणि नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले. पण एका संघाची दूरदृष्टी ही व्यवस्था नव्हे. लिलावातला पैसा शिखरावर ओतला जातो आणि सोळा ते एकवीस वयाचा मुलगा मधेच गळतो. म्हणून प्रत्येक फ्रँचायझीवर जिल्हा पातळीच्या कुमार खेळाडूंना मानधन देण्याची सक्ती करा आणि बंद पडलेल्या व्यावसायिक संघांच्या जागी नवे उभे करा.