शेपटीतला पेंढा

पहाटे ५

पागेत शिरल्यावर मी आधी एकच गोष्ट शोधते: चांदणीच्या शेपटीत, नाहीतर कुशीवर, पेंढ्याची काडी अडकली आहे का. आजही नाही. काल संध्याकाळी हातभर जाड अंथरलेला भाताचा पेंढा तसाच फुगलेला आहे, फक्त एका कोपऱ्यात टापांनी तुडवलेला. म्हणजे ही रात्रही तिनं उभ्यानं काढली.

घोडा उभ्या उभ्या डुलक्या घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. आणि आसपास धोका नाही अशी खात्री पटल्याखेरीज तो आडवा होत नाही. चांदणीला इथं, मावळातल्या आमच्या या छोट्याशा पागेत, येऊन आज ४१ दिवस झाले.

शेजारच्या ठाणातल्या गंगीच्या शेपटीत मूठभर पेंढा आहे, डाव्या गालावरही आहे. ती टांग्याची घोडी, रंगानं कुमेत. मला बघून फुरफुरते. बादलीतलं गार पाणी ती प्यायली की मी तिच्या कुशीवर तळवा ठेवते आणि थांबते. थोड्या वेळानं आतून एक ढुशी लागते. शिंगरू जागं आहे.

६

चंदी-वैरण. गंगी आली तेव्हा तिच्या बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या आणि पोट तेवढं खाली लोंबत होतं. गावातला जो तो सांगायचा, हरभरा द्या, गूळ द्या, गाभण आहे बिचारी. त्यांची माया खरी होती, पण उपाशी घोडीला एकदम दाणा देणं म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणं. पिठूळ खाणं पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, आणि आधीच खंगलेलं हृदय त्यात बंद पडू शकतं. म्हणून पहिले दहा दिवस दर चार तासांनी वाळलेल्या लसूणघासाची मोजून पेंडी, दुसरं काही नाही. रात्री दोनचीसुद्धा चुकवली नाही. आता तिला कोंडा आणि थोडी भिजवलेली चंदीही मिळते, कारण शेवटच्या तीन महिन्यांत शिंगरू सगळ्यात जास्त वाढतं.

चांदणीची घमेली मी ठेवते आणि मागे सरते. मी दाराबाहेर गेल्याशिवाय ती तोंड लावत नाही. पहिल्या आठवड्यात तर मला अंगणाबाहेर जावं लागायचं.

८

हा तास चांदणीचा. यात काम म्हणावं असं काही नसतं.

ती वरातीची घोडी. पांढरी, गुलाबी कातडीची, कान मारवाडी घोड्यांसारखे आत वळलेले. पहिल्या दिवशी तिच्या तोंडातल्या जखमा धुवायला भूल द्यावी लागली. जिभेच्या दोन्ही बाजूंना काटेरी लगामाचे वण होते. काटे असलेला लगाम वापरायला आपल्याकडे १९६५च्या नियमांनीच बंदी आहे. त्या भुलीतच डॉक्टरांनी बाकीची तपासणी उरकली, शेंबा रोगाच्या चाचणीसाठी रक्त घेतलं, आणि हात काढता काढता म्हणाल्या, "हिच्या पोटात पिल्लू आहे. आठ महिन्यांच्या पुढचं." तिला आणणाऱ्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

घोडीचे दिवस साधारण अकरा महिने. पण ३२० दिवसांनीही विते, कधी ३६५ लागतात. नर कधी दाखवला ते माहीत नसेल तर तारीख काढणार कशी? तेव्हापासून माझ्या डोक्यात दोन घड्याळं चालतात. एक तिच्या पोटातलं, ते थांबत नाही. दुसरं तिच्या भरवशाचं, ते पुढे ढकलता येत नाही. पहिलं वाजायच्या आत दुसऱ्यानं तिथवर पोचायला हवं. बाळंतपणात काही अडलं तर तिच्याजवळ कुणालातरी जाता आलं पाहिजे.

मी आडव्या चालीनं, खांद्याच्या बाजूनं जाते. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, नेमकं नाकासमोरचं आणि शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. नजर जमिनीवर, हात खाली. तिचं डोकं वर झालं किंवा श्वास अडकला की मी तिथंच थांबते. श्वास सुटला, तिनं तोंड चघळल्यासारखं केलं, की मी मागे फिरते. लोकांना हे मागे फिरणं कळत नाही. पण तिला आजवर कुणी विचारलेलंच नव्हतं. तिनं नको म्हटल्यावर समोरचा माणूस खरंच निघून जातो, हे तिला पुन्हा पुन्हा दिसायला हवं.

नवव्या दिवशी माझ्याकडून घाई झाली. पुढे शिंगरू प्यायला लागेल तेव्हा तिनं लाथ मारू नये म्हणून कासेला स्पर्शाची सवय लावायची होती. वेळूला मऊ फडकं गुंडाळून मी तो तिच्या पोटाकडे नेला. तिनं फडकं पाहिलंच नाही, पाहिली ती काठी. भिंतीला अंग घासत मागे गेली, थरथरत उभी राहिली. दोन आठवडे मला दारातही येऊ देईना. त्या दिवसापासून पागेत काठी नाही, केरसुणीसुद्धा तिच्यासमोर आणत नाही.

आज मानेपर्यंत हात गेला. आयाळीच्या मुळाशी, खांद्याच्या उंचवट्यावर, घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात तिथं मी बोटांनी खाजवलं. वरचा ओठ किंचित लांबला. मी हात काढून घेतला. ती तशीच उभी राहिली, मग मान दोन बोटं माझ्याकडे सरकवली.

११

डॉक्टर आल्या. गंगीची कास भरत आली आहे, शेपटीच्या मुळाशी स्नायू सैलावलेत. सडांच्या टोकांवर अजून मेण धरलेलं नाही. ते धरलं की एक ते चार दिवस, असा ठोकताळा, पण घोड्या ठोकताळे मोडतात.

चांदणीला धनुर्वाताची लस द्यायची आहे. विण्याच्या चार-सहा आठवडे आधी दिली तर तिच्या चिकातून शिंगराला बळ मिळतं. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईकडून आलेलं संरक्षण जवळपास काहीच नसतं, जे मिळायचं ते पहिल्या दिवसाच्या चिकातून. डॉक्टर दाराशी उभ्या राहिल्या तशी चांदणी वळून पाठमोरी झाली. त्यांनी सुई परत डबीत ठेवली. "शुक्रवारपर्यंत थांबते. मग मात्र थांबता येणार नाही." त्यांचं बरोबर आहे. तोवर मी रोज मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची.

दुपार

लीद काढणं, पाणी, गंगीचा खरारा. मामांनी तिचे खूर साफ केले. मामांचं अर्धं आयुष्य टांगेवाल्यांकडं मोतद्दारीत गेलं. हात खुराकडे नेण्याआधी ते तिच्याशी हळू बोलत राहतात, काय बोलतात ते मी कधी विचारलं नाही. दोघी घोड्या दोन तास मारवेलात सोडल्या. चांदणी गंगीच्या सावलीसारखी मागे.

संध्याकाळी ७

खालच्या गावातून वरात निघाली. लग्नसराई आहे. पहिला ढोल वाजला आणि चांदणीनं खायचं थांबवलं. अंगावर घामाच्या रेघा उमटल्या. मग तिचा उजवा पाय उचलला गेला, खाली आला, डावा उचलला गेला. अंधाऱ्या ठाणात, पाठीवर कुणी नसताना, नऊ-दहा महिन्यांचं पोट घेऊन ती ठेक्यावर नाचत होती.

मी गजांना धरून उभी राहिले. आत जाऊन तिला धरावंसं वाटत होतं, पण आजवर तिला धरलंच तर गेलंय.

मामा गंगीला घेऊन आले. "ताई, हिला शेजारी राहू द्या. मधला आडणा काढतो." गंगीला ढोलाचं काहीच नाही. ती शांतपणे कडबाकुट्टी चघळत राहिली. मी दाराबाहेर बसून हळूहळू, लांब श्वास सोडत राहिले. वरात देवळाशी पोचून थांबायला पाऊण तास लागला. त्याआधीच कधीतरी चांदणीचे पाय थांबले होते आणि तिची मान गंगीच्या पाठीवर होती.

रात्री १०

माझा पहारा. गंगीसाठी. बहुतेक घोड्या रात्रीच वितात, माणसं झोपल्यावर. खिळ्याला उकळलेली कात्री टांगली आहे. आधी पांढुरकी पिशवी दिसली, तिच्यात पुढचे दोन पाय आणि त्यावर नाक, तर हात लावायचा नाही. लाल मखमलीसारखं काही दिसलं तर वार आधीच सुटली आहे, शिंगराचा श्वास कोंडतोय, त्याच क्षणी फाडायचं. डॉक्टरांना फोन मग. पाणमोट फुटल्यापासून शिंगरू बाहेर यायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून वाट बघत बसायची मुभा नसते. तासाभरात ते उभं राहायला हवं, दोन तासांत प्यायला हवं, तीन तासांत वार पडायला हवी.

साडेबाराला गंगीनं लघवी केली, शेपूट हलवली, पुन्हा खायला लागली. काही नाही.

२ वाजून ४० मिनिटं

धप्प आवाज आला. मी टॉर्चवर हात झाकून धरला आणि बोटांच्या फटीतून बघितलं. गंगी उभी होती, दाराकडे तोंड करून, कान बाहेर. तिच्यामागे पेंढ्यात पांढरं काहीतरी.

काळजात धस्स झालं. चांदणीला अजून दिवस आहेत, एवढ्यात कशी? मी कात्री काढली. पाणी फुटल्याचा वास नाही. घाम नाही, कळा नाहीत. पुढचे पाय पोटाखाली दुमडलेले, हनुवटी पेंढ्यावर टेकलेली, खालचा ओठ सैल. मग तिनं एक उसासा टाकला, कुशीवर कलंडली आणि चारही पाय पसरले.

मी कात्री खिळ्याला परत लावली नाही. लोखंडाचा आवाज झाला असता. ती मांडीवर ठेवून होते तिथंच बसले, टॉर्च विझवली. अंधारात बारीक घोरणं ऐकू येत होतं. मधेच झोपेत एक टाप पेंढ्यात खसखसली.