‘द वायर’ : एका गुन्हेमालिकेचे सामर्थ्य आणि मर्यादा

गुन्हा कोणी केला, हे पोलीसकथा शोधते. गुन्हेगार कसा घडवला जातो, हे ती सहसा शोधीत नाही. तिच्या लेखी समाज मुळात स्वच्छ असतो आणि गुन्हा हा त्यावर पडलेला डाग असतो. हुशार अधिकारी येतो, डाग पुसतो आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने झोपी जातो. ज्यांच्या कपाळावर कायद्यानेच ‘जन्मजात गुन्हेगार’ असा शिक्का मारला होता, त्यांना ही निश्चिंत झोप परवडणारी नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या वस्तीकडे वळते, हे या वाचकांना सांगायला नको.

या प्रश्नाच्या संदर्भात अमेरिकेतील ‘द वायर’ या मालिकेचा विचार करावयाचा आहे. एचबीओ या वाहिनीवर जून २००२ ते मार्च २००८ या काळात तिची पाच पर्वे, एकूण साठ भाग, दाखवले गेले. मेरिलंड राज्यातील बाल्टिमोर शहरात ती घडते. बहुसंख्य वस्ती काळ्यांची, कारखाने उठून गेलेले, ओळीच्या ओळी घरे ओस पडलेली, असे हे शहर. ‘वायर’ म्हणजे फोन चोरून ऐकण्यासाठी पोलिसांनी जोडलेली तार. मालिका मात्र या तारेतून सगळे शहरच ऐकते.

काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी करावयाच्या अर्जाविषयी विचारणा केली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्यामुळे ही मालिका परक्याची करमणूक म्हणून पाहणे आपल्याला शक्य नाही. तिच्यात आपलेही काही पणाला लागलेले आहे.

प्रथम सामर्थ्य पाहू. मालिकेचे कर्ते डेव्हिड सायमन हे ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकाचे गुन्हे-वार्ताहर होते. त्यांचे सहकारी एड बर्न्स यांनी वीस वर्षे बाल्टिमोरच्या पोलिसांत काढली आणि नंतर तिथल्याच सरकारी शाळेत शिकवले. या दोघांनी जे पाहिले ते कथेत उतरले आहे. पहिल्या पर्वात गर्दचा धंदा आणि त्याच्या मागावरचे पोलीस आहेत, दुसऱ्यात गोदी आणि मोडकळीला आलेली गोदी कामगारांची युनियन, तिसऱ्यात शहराचे राजकारण, चौथ्यात शाळा, पाचव्यात वृत्तपत्र. एकेका पर्वागणिक गुन्ह्याचे मूळ एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे सरकत नाही, ते एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेकडे जाते. हीच या मालिकेची मोठी कमाई आहे.

संस्था माणसाला कशी वाकवते, हे मालिका छोट्या छोट्या प्रसंगांतून दाखवते. ओस घरांत दडवलेली प्रेते आहेत असा संशय एका तपास अधिकाऱ्याला येतो. वरिष्ठ म्हणतो, ती बाहेर काढू नका. कारण काढली तर न उलगडलेल्या खुनांचा आकडा वर्षअखेरीस वाढेल! म्हणजे पोलिसांच्या लेखी खून महत्त्वाचा नाही, तक्ता महत्त्वाचा. पुढे प्रेते निघतात, आणि ती दोन-चार नसतात, बावीस असतात. काळ्या वस्तीतून बावीस माणसे नाहीशी झाली तरी शहराच्या दिनक्रमात खंड पडला नव्हता.

पहिल्या पर्वातला बुद्धिबळाचा प्रसंग अनेकांना ठाऊक आहे. गर्दच्या धंद्यातला एक तरुण दोन पोरांना हा खेळ समजावून सांगतो. पोरांच्या हाती बुद्धिबळाची मोहरी असतात, पण त्यांना तो खेळच ठाऊक नसतो. राजा राजाच राहतो, प्यादी लवकर मरतात, हे ऐकल्यावर एक पोरगा विचारतो की प्यादे शेवटच्या घरापर्यंत पोचले तर? त्या तिघांपैकी एकही जण मालिकेच्या शेवटापर्यंत जिवंत राहत नाही. कोणतेही भाषण न करता उतरंडीचे एवढे स्पष्ट विवेचन दूरचित्रवाणीवर क्वचितच झाले असेल.

भाषेचाही उल्लेख केला पाहिजे. नाक्यावरची पोरे नाक्यावरचीच बोली बोलतात. सुखवस्तू प्रेक्षकाला कळावी म्हणून ती धुऊनपुसून घेतलेली नाही. आपल्या साहित्यातील बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून नाके मुरडली गेली, तो वाद ज्यांना आठवतो त्यांना या निर्णयाचे मोल कळेल.

मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करते ते चौथे पर्व. पोलीस खात्यातून बाहेर पडलेला प्रेझबिलुस्की नावाचा एक गोरा माणूस शाळेत गणिताचा मास्तर होतो. वर्गात जुनी फाटकी पुस्तके आणि तळघरात नवी पुस्तके धूळ खात पडलेली. शिकवायचे काय, तर राज्याच्या परीक्षेत टक्का वाढेल तेवढेच. पोलीस आकडे सजवतात तसेच इथेही आकडे सजवले जातात, हे त्याच्या ध्यानात येते. ड्युकी नावाचा त्याचा एक विद्यार्थी आहे. घरची माणसे नशेपायी त्याचे कपडेसुद्धा विकतात. मास्तर त्याच्या अंघोळीची, कपडे धुण्याची सोय शाळेतच करतो. पोरगा खुलू लागतो, संगणकावर त्याचा हात बसतो. एवढ्यात वर्षाच्या मध्येच त्याला वरच्या शाळेत ढकलले जाते. तिथे तो टिकत नाही आणि अखेर त्याच नशेच्या वाटेला लागतो. रँडी नावाचा दुसरा मुलगा एका खुनाविषयी माहीत असलेले सांगून बसतो. पोलिसांच्या हलगर्जीपणामुळे त्याचे नाव बाहेर फुटते. त्याचे घर पेटवले जाते, सांभाळणारी बाई भाजते आणि पोरगा सरकारी बालगृहात जातो. ज्या शिक्षकाच्या हजेरीपटावर मार्चपर्यंत नाव राहते आणि जूनमध्ये राहत नाही अशी मुले आहेत, त्याला ही कथा अमेरिकेची वाटणार नाही.

त्याच वेळी शहराच्या तिजोरीत शाळांसाठी पैसा नसतो. राज्यपाल द्यायला तयार असतो, पण त्याच्यापुढे हात पसरला तर उद्या आपल्याला राज्यपाल होता येणार नाही, या हिशेबाने नवा महापौर मदत नाकारतो. ड्युकीचे भवितव्य त्याच्या घरात ठरत नाही, या दालनात ठरते. येथवर मालिकेचे म्हणणे निर्विवाद आहे.

आता मर्यादा. सायमन यांनी आपल्या मालिकेला ग्रीक शोकांतिकेची उपमा दिली आहे. पूर्वी देवता माणसाशी खेळत, आता संस्था खेळतात, असा त्यांचा विचार. उपमा प्रभावी आहे, आणि दोष नेमका तिथेच आहे. नियतीला ‘व्यवस्था’ असे नवे नाव दिले म्हणून ती नियती नसते असे होत नाही. ज्या समाजाने ‘तुमचे भोग तुमच्या कर्माचे’ हे हजारो वर्षे ऐकले, त्याने अटळपणाच्या प्रत्येक तत्त्वज्ञानाकडे संशयाने पाहिले पाहिजे. जात देवाने निर्माण केली नाही, माणसांनी केली, म्हणून ती मोडता येते. ही आपल्या चळवळीची पहिली पायरी होय.

अटळ वाटते ते कधीतरी कोणीतरी केलेले असते. बाल्टिमोरचेच पाहा. १९१० साली या शहराने ठराव केला की गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या गल्लीत काळ्याने राहायला जाऊ नये आणि काळ्यांच्या गल्लीत गोऱ्याने. देशातला अशा प्रकारचा तो पहिला ठराव. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने लुइव्हिल शहराच्या खटल्यात असे ठराव घटनाबाह्य ठरवले. मग १९३० नंतरच्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्या वस्त्यांभोवती तांबडा रंग फासला गेला आणि तिथल्या घरांना कर्ज मिळणे बंद झाले. ज्या ओस घरांत मालिका प्रेते दाखवते, ती घरे अशी ओस पडत गेली. गावकुसाबाहेरचा महारवाडा आपोआप वसला नाही, तसे हेही आपोआप झाले नाही. साठ भागांत या इतिहासाला पुरेशी जागा मिळत नाही. त्यामुळे परिणाम डोळ्यांत भरतो आणि कर्ता नजरेआड राहतो.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. या शहरात लढणारी माणसे आहेत, हे मालिकेला जवळजवळ दिसतच नाही. युनियन दिसते ती मरताना. चांगली माणसे दिसतात ती एकेकटी: मुष्टियुद्धाची तालीम चालवणारा माजी कैदी, किंवा निवृत्त अधिकारी कोल्विन, जो नेमंड नावाच्या एका मुलाला आपल्या घरी नेतो आणि वाचवतो. एक पोरगा वाचतो, तोही कुणाच्या तरी दयेने! उरलेल्यांचे काय? दयेने एकाचा उद्धार होतो, समूहाचा होत नाही.

खरे बाल्टिमोर असे नव्हते. लिली कॅरोल जॅक्सन या बाईंनी १९३५ पासून १९७० पर्यंत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेची तिथली शाखा चालवली. थर्गुड मार्शल याच शहरात जन्मले; मेरिलंड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे दार काळ्या विद्यार्थ्याला उघडून देणारा खटला त्यांनी १९३६ साली अपिलातही जिंकला आणि १९६७ साली ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. ब्लॅक पँथरचीही तिथे शाखा होती. १९९४ साली चर्च आणि कामगार संघटना एकत्र आल्या आणि शहराची कंत्राटे घेणाऱ्यांनी मजुरांना जगण्यापुरते वेतन दिलेच पाहिजे, असा कायदा त्यांनी करून घेतला. चौथ्या पर्वात महापौर शाळांचा पैसा नाकारतो. पण त्याच दशकात बाल्टिमोरच्या ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’मधील शाळकरी मुले शाळांसाठी हक्काचा निधी मागत रस्त्यावर उतरत होती. एकमेकांना गणित शिकवणारी ही मुले ड्युकी आणि रँडी यांच्याच वयाची, त्यांच्याच वस्तीसारख्या वस्त्यांतली. कॅमेरा त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

का पोचला नाही? कारण तो बहुतांशी पोलिसांच्या गाडीतून आणि वार्ताहराच्या टेबलावरून पाहतो. पात्रे बहुतेक काळी, लेखक बहुतेक गोरे. डेव्हिड मिल्स यांच्यासारखे अपवाद होते, पण ते अपवादच. याचा परिणाम एका उदाहरणावरून कळेल. ज्या प्रेझबिलुस्की मास्तराविषयी आपल्याला चौथ्या पर्वात आपुलकी वाटते, त्यानेच पहिल्या पर्वात पोलीस असताना एका चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या तोंडावर पिस्तूल हाणले होते. मुलाचा डोळा गेला. मारणाऱ्याच्या पश्चात्तापाला आणि पुनर्जन्माला मालिकेने एक पूर्ण पर्व दिले. डोळा गेलेल्या मुलाची गोष्ट तिने कधी हाती घेतली नाही. सहानुभूती कुठवर जाते आणि कुठे थांबते, हे इथे दिसते. बायकांचेही तेच. कायमा ग्रेग्ज ही तपास अधिकारी ठसठशीत उतरली आहे. परंतु वस्तीतल्या आया बऱ्याचदा पोराला धंद्यात ढकलणाऱ्या किंवा नशेत बुडालेल्या. वस्ती धरून ठेवणारी लिली जॅक्सन यांची वारसदार कथेच्या केंद्रस्थानी येत नाही.

पोलिसी खिडकीतून काय दिसले नाही, ते पुढे काळाने दाखवले. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे हा पंचवीस वर्षांचा काळा तरुण बाल्टिमोर पोलिसांच्या ताब्यात असताना मणक्याला जबर इजा होऊन मरण पावला. शहर पेटले. सहा पोलिसांवर आरोप ठेवले गेले, एकही दोषी ठरला नाही. २०१६ साली केंद्रीय न्याय खात्याने चौकशी करून सांगितले की या खात्याची काळ्यांना अडवण्याची, झडती घेण्याची, बळ वापरण्याची पद्धतच घटनाबाह्य आहे. २०१७ साली त्याच खात्याच्या एका खास पथकातील पोलीस नागरिकांना लुटल्याबद्दल पकडले गेले. मालिकाकर्त्यांनीही याची दखल घेतली. २०२२ साली त्यांनी याच पथकावर ‘वी ओन धिस सिटी’ ही सहा भागांची मालिका केली. तिथे पोलीस हाच गुन्ह्याचा विषय आहे.

हे सारे सांगण्याचे कारण वाङ्मयीन नाही. आमच्या महाविद्यालयातील काही मुले ही मालिका मोबाईलवर पाहतात. घराण्यात पहिल्यांदाच पदवीपर्यंत आलेली ही मुले. त्यांतला एक जण मला म्हणाला, “सर, सगळीकडे असंच असेल तर शिकून तरी काय होणार?” हा प्रश्न आळशाचा नाही, व्यवस्था समजलेल्याचा आहे. व्यवस्था समजली आणि संघटना समजली नाही की माणूस अशा ठिकाणी येऊन थांबतो. त्याला उत्तर देणे मालिकेचे काम नसेल, शिक्षकाचे आणि कार्यकर्त्याचे निश्चितच आहे.

म्हणून ‘द वायर’ जरूर पाहावी, पण एकट्याने पाहून सोडून देऊ नये. अभ्यास मंडळात, वसतिगृहात, दहा जणांनी बसून पाहावी. प्रत्येक भागानंतर दोन प्रश्न विचारावेत. जे अटळ म्हणून दाखवले, ते कोणी, कोणत्या कायद्याने आणि कोणत्या साली केले? आणि जे त्याविरुद्ध उभे राहिले, ते या चित्रात कुठे आहेत? पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मालिका देते. दुसऱ्याचे उत्तर तिच्याबाहेर शोधावे लागेल. ते बाल्टिमोरच्या रस्त्यावर सापडेल, आणि आपल्याही.